कळ आणि कलम

कायदा सुचवण्याचा अधिकार आपल्या देशात कागदोपत्री प्रत्येक खासदाराला आहे; प्रत्यक्षात मात्र तो मंत्रिमंडळापाशी एकवटलेला आहे. मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेल्या विधेयकांपैकी आजवर अवघी १४ विधेयके संसदेत संमत होऊन कायदा झाली, आणि त्यांतले शेवटचे १९७० साली. २०१५ मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीचे तिरुची शिवा यांचे विधेयक राज्यसभेने संमत केले, तेव्हा ४५ वर्षांनी असे घडले म्हणून त्याचे कौतुक झाले. पण लोकसभेत ते तडीस गेले नाही. खासदारांची ही कथा, तर सामान्य नागरिकाची काय असणार? आम्हा नोकरशहांचे तर त्याहून विचित्र. मसुदे आम्ही लिहितो, टिपणे आम्ही करतो, पण त्यांवर नाव कधी आमचे नसते. फाइलमधला प्रस्ताव 'विभागाचा' असतो. सभागृहात त्याचा बचाव मंत्रिमहोदय करतात, आणि आम्ही अधिकाऱ्यांच्या सज्जात बसून चिठ्ठ्या पुरवतो.

म्हणूनच, जिथे कोणीही उठून कायदा सुचवू शकतो आणि त्याचा बचाव ज्याचा त्यालाच करावा लागतो, अशा एका जागेविषयी लिहावेसे वाटले. ती जागा खरी नाही. आंतरजालावरचा तो एक खेळ आहे. बंगळूरला शिकणाऱ्या पुतण्याने त्याची ओळख करून दिली. मी मात्र त्यात रमलो तो खेळासाठी नव्हे, तर कायदा म्हणजे नेमके काय, या प्रश्नासाठी. तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न इतक्या उघड्या रूपात समोर आला नव्हता.

खेळाचे नाव 'नेशनस्टेट्स'. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन लेखकाने आपल्या कादंबरीच्या प्रसिद्धीसाठी २००२ च्या अखेरीस तो सुरू केला. कादंबरीचे दिवस सरले, खेळ मात्र टिकला. प्रत्येक खेळाडूचे एक काल्पनिक राष्ट्र असते. रोज काही प्रश्न समोर येतात, उत्तर निवडावे लागते, आणि त्यानुसार राष्ट्राची अर्थव्यवस्था, नागरी हक्क आणि राजकीय स्वातंत्र्य यांचे मापन बदलत जाते. अनेक राष्ट्रे मिळून एक 'प्रदेश' होतो. सर्वांच्या वर एक जागतिक सभा आहे. तिचे नाव पूर्वी 'संयुक्त राष्ट्रे' असेच होते. परंतु २००८ साली खऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाने आपल्या नावाच्या वापराला हरकत घेतली आणि नाव बदलावे लागले. खेळातल्या कायद्यांना बाहेरच्या कायद्याने दिलेली ही एक लहानशी समज होती.

माझ्या विषयाचा भाग आहे तो प्रदेशांचा. जागतिक सभेची सदस्य असलेली राष्ट्रे आपल्या प्रदेशातील दुसऱ्या सदस्य राष्ट्राला पाठिंबा देऊ शकतात. ज्याला सर्वाधिक पाठिंबा, तो त्या प्रदेशाचा प्रतिनिधी. ज्या प्रदेशाला संस्थापक नसतो, तिथे या प्रतिनिधीच्या हातात मोठी सत्ता येते. कोणत्याही राष्ट्राला तो एक कळ दाबून प्रदेशाबाहेर काढू शकतो आणि परत येण्यास बंदी घालू शकतो. बाहेर काढलेले राष्ट्र 'द रिजेक्टेड रिअल्म्स' नावाच्या प्रदेशात जाऊन पडते. या सत्तेवर खेळाच्या यंत्रणेने काही मर्यादा घातल्या आहेत: कळ दाबताना प्रतिनिधीचा साठवलेला 'प्रभाव' खर्च होतो. पण कारण देण्याची, पुरावा दाखवण्याची किंवा कोणाचे म्हणणे ऐकण्याची सक्ती यंत्रणा करीत नाही. यंत्राला कारण कळत नाही. त्याला फक्त कळ कळते.

आणि तरीही या प्रदेशांनी स्वतःसाठी संविधाने लिहिली आहेत. 'नॉर्थ पॅसिफिक' नावाच्या मोठ्या प्रदेशात प्रादेशिक सभा आहे, तिचा सभापती आहे, हक्कांची सनद आहे, कायद्यांची संहिता आहे आणि न्यायालयही आहे. खेळाच्या यंत्रणेला यांतले काहीच ठाऊक नाही. न्यायालयाने निकाल दिला म्हणून कोणाची कळ निकामी होत नाही. हा सारा डोलारा केवळ शब्दांचा आहे. तेथील कायदा म्हणजे, ज्याच्या हाती कळ आहे त्याने ती कधी दाबू नये, यावर इतरांनी केलेले एकमत.

आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांत 'युवा संसद' भरते. संसदीय कामकाज मंत्रालयाच्या या योजनेची सुरुवात दिल्लीच्या शाळांत १९६६-६७ मध्ये झाली. उपक्रम उत्तमच आहे. परंतु तिथे संमत झालेला ठराव दुसऱ्या दिवशी कोणालाच बांधत नाही. बक्षीस मिळते ते वक्तृत्वाला. या खेळात मात्र संमत झालेला कायदा दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो, आणि ज्याने त्याला विरोध केला त्यालाही तो पाळावा लागतो. फरक बारीक वाटेल, पण कायदा आणि भाषण यांतला फरक तोच आहे.

संस्थापक नसलेल्या एका मध्यम आकाराच्या प्रदेशाचा मी सदस्य झालो. माझे पद, वय, शहर यांतले तिथे कोणालाही काही ठाऊक नव्हते. सहा महिने मी केवळ वाचत होतो. मग एक प्रस्ताव मांडला. आशय सोपा होता: प्रतिनिधीने कोणालाही बाहेर काढले तर त्याचे कारण सार्वजनिक नोंदवहीत लिहावे, आणि ज्याला काढले त्याचे म्हणणे सभेच्या तीन सदस्यांनी ऐकावे. सुनावणी आधी व्हावी की नंतर, यासाठी मसुद्यात मी दोन पर्याय मुद्दाम ठेवले होते. चर्चा तिथेच रंगणार हे उघड होते.

ती रंगली. या खेळात 'धाडी' पडतात. दिवसातून दोनदा ठरावीक वेळी यंत्रणा पाठिंब्यांची मोजदाद करते. त्या क्षणाच्या थोडे आधी परक्या राष्ट्रांचा जथा प्रदेशात शिरतो, आपल्यातल्या एकाला पाठिंबा देतो आणि सत्ता काबीज करतो. एका सदस्याने (लिहिण्यावरून तो महाविद्यालयीन विद्यार्थी असावा) विचारले, की धाड पडत असताना प्रतिनिधीपाशी काही सेकंद असतात. तेव्हा तो नोटीस काढील की प्रदेश वाचवील? प्रश्न नेमका होता. सचिवालयातल्या कोणत्याही बैठकीत मी तो ऐकला असता, तर विचारणाऱ्याचे नाव टिपून ठेवले असते.

उत्तर आपल्याच न्यायशास्त्रात होते. १९७८ च्या मेनका गांधी खटल्यात पारपत्र जप्त करण्यापूर्वी सुनावणी दिली नव्हती. आधी सुनावणी दिल्यास पारपत्रधारक देशाबाहेर निघून जाईल आणि जप्तीचा हेतूच विफल होईल, ही अडचण सर्वोच्च न्यायालयाने ध्यानात घेतली. पण त्यामुळे सुनावणीचा हक्क नाहीसा होतो असे मानले नाही. आधी शक्य नसेल तर कारवाईनंतर लगेच, परंतु सुनावणी झालीच पाहिजे, अशी ती भूमिका होती. खटल्याचे नाव न सांगता मी तेच सूत्र तिथे मांडले: कळ आधी दाबा, दोन दिवसांत कारण लिहा, सात दिवसांत ऐकून घ्या. कोणी 'दोन दिवस' कमी असल्याचे म्हटले, कोणी 'कारण' या शब्दाची व्याख्या मागितली. शेवटी प्रदेशाच्या सुरक्षेला धोका, नियमभंग आणि अपशब्द अशी तीन कारणे कलमातच घालण्यात आली. मतदान झाले आणि प्रस्ताव बहुमताने संमत झाला. माझ्या काल्पनिक राष्ट्राच्या नावाने का होईना, एक कलम माझे झाले.

त्याची खरी कसोटी पाच महिन्यांनी लागली. तोवर प्रतिनिधी बदलला होता. एका वादाच्या भरात त्याने एका जुन्या सदस्याला बाहेर काढले. धाड नव्हती, धोका नव्हता. वाद कडवट झाला होता, एवढेच. एक दिवस गेला. नोंदवहीत काही नाही. सभेत कोणी निषेधाची भाषणे केली नाहीत. एकामागून एक सदस्य फक्त एवढेच लिहीत गेले, की कलमानुसार नोंद कुठे आहे? दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस प्रतिनिधीने दोन ओळी लिहिल्या: संबंधित सदस्याचे वागणे असह्य झाले होते. तिघांच्या समितीने त्या सदस्याला विचारले, प्रतिनिधीलाही विचारले, आणि 'असह्य' हे तीन कारणांत बसत नाही असा निष्कर्ष दिला.

या क्षणी प्रतिनिधी काहीही करू शकत होता. समितीलाच बाहेर काढू शकत होता. यंत्रणेने त्याला अडवले नसते. त्याने बंदी उठवली आणि तो सदस्य परत आला.

का उठवली? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून या प्रश्नापाशी मी बराच काळ थांबलो. त्याचा स्वभाव चांगला होता हे उत्तर पुरेसे नाही. स्वभावावर प्रशासन चालवता येत नाही. थॉमस शेलिंग यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडलेली एक कल्पना इथे उपयोगी पडते: परस्परांशी न बोलताही माणसे एखाद्या ठळक खुणेपाशी एकत्र येतात, कारण इतरही तिथेच येतील हे प्रत्येकाला ठाऊक असते. प्रतिनिधीची सत्ता पाठिंब्यांवर उभी असते, आणि पाठिंबा केव्हाही काढून घेता येतो. एकट्याने काढला तर काही बिघडत नाही. सर्वांनी एकाच वेळी काढला तर सत्ता जाते. कलम नसते, तर कोणाला राग पहिल्या दिवशी आला असता, कोणाला दहाव्या, कोणाला आलाच नसता. कलमाने रेषा आखली आणि ती कधी ओलांडली गेली हे सर्वांना एकाच क्षणी दिसू लागले. प्रतिनिधीला भीती कलमाची नव्हती. कलम सर्वांनी वाचले आहे, याची होती.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की खेळ तो खेळ, त्याचा राज्यकारभाराशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो खेळात जे नाही त्यामुळे अधिक स्पष्ट होतो. खेळात पैसा नाही. कायद्याची अंमलबजावणी करायला तलाठी लागत नाही, निरीक्षक लागत नाही, कार्यालयाचे भाडे लागत नाही. रोजच्या प्रश्नाचे उत्तर निवडले की राष्ट्र लगेच बदलते. निर्णय आणि परिणाम यांच्यामध्ये खऱ्या जगात जो लांबलचक पट्टा असतो, ज्यात आम्हा लोकांचे आयुष्य जाते, तो तिथे नाही. म्हणून तिथे कलम आणि कळ यांचे नाते उघडे दिसते. आपल्याकडे ते नाते फायलींच्या ढिगाखाली असते, पण असते तेच.

एक उदाहरण घेऊ. बेनामी व्यवहारांना मनाई करणारा कायदा संसदेने १९८८ साली केला. बेनामी मालमत्ता सरकारने ताब्यात घ्यावी असे त्यात म्हटले होते. ती कशी, कोणत्या प्राधिकाऱ्याने आणि कोणत्या पद्धतीने घ्यावी, हे नियमांनी ठरायचे होते. ते नियम झालेच नाहीत. २०१६ मध्ये व्यापक दुरुस्ती होऊन १ नोव्हेंबरपासून ती लागू झाली, तोवर २८ वर्षे कलम पुस्तकात होते आणि कळ बसवलेलीच नव्हती. इथे कलम आणि कळ दोन्ही एकाच सरकारच्या हाती होती, हे विशेष. मध्ये तार जोडण्याचे काम तेवढे राहून गेले.

याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे आहे. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना १९७७ च्या कायद्याने हक्क झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा लागू झाला. पण कायद्याच्या आधीच, १९७५ साली, व्यवसाय कर बसवण्यात आला होता आणि त्याचे उत्पन्न या योजनेसाठी राखले गेले होते. महाराष्ट्रात नोकरी केलेल्या वाचकांना पगारपत्रकावरची ती छोटी ओळ आठवत असेल. दिल्लीत बदली झाली की ती नाहीशी होते, कारण इथे तो कर नाही. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून निघालेले ते पैसे दुष्काळी तालुक्यातल्या खडी फोडणाऱ्या हातांपर्यंत जात होते. वाटेत गळती झाली, हजेरीपत्रकांच्या तक्रारी झाल्या, हे मान्यच आहे. तरीही हक्क लिहिणाऱ्यांनी त्याचा खर्च कोण उचलणार हेही लिहिले होते. खर्चाची बाब असलेल्या प्रत्येक विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडावे लागते, या लोकसभेच्या नियमामागचा हेतू हाच. खेळातल्या विधेयकाला असे ज्ञापन नसते. म्हणून तिथे प्रस्ताव भराभर येतात.

आणि 'प्रादेशिक कायदा' हा शब्दप्रयोग निव्वळ खेळातला समजू नये. आपल्या संविधानाच्या सहाव्या अनुसूचीत जिल्हा परिषदांबरोबर प्रादेशिक परिषदांचाही उल्लेख आहे. (या जिल्हा परिषदा म्हणजे महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदा नव्हेत, त्या स्वायत्त आहेत.) आसाम, मेघालय, त्रिपुरा व मिझोराम या राज्यांतल्या जनजातीय क्षेत्रांत या परिषदांना जमीन, राखीव नसलेली वने, झूम शेती, ग्रामप्रशासन, वारसा, विवाह आणि सामाजिक रूढी अशा विषयांवर कायदे करता येतात. एखादा जनसमूह आपल्या भूमीविषयी आपले नियम आपणच लिहितो, ही गोष्ट मोठी आहे. परंतु राज्यपालांची अनुमती मिळेपर्यंत तो कायदा लागू होत नाही. मेघालयात तर परिषदेचा आणि राज्य विधानमंडळाचा कायदा परस्परविरोधी असल्यास राज्याचा कायदा वरचढ ठरतो. कलम परिषदेकडे, अनुमती राजभवनाकडे, तिजोरी बव्हंशी राज्याकडे. ही रचना चूक आहे असे माझे म्हणणे नाही. तिच्यामागे संविधानसभेचा विचार होता. पण तिथला परिषद-सदस्य आपले कलम लिहिताना कोणत्या मर्यादेत लिहीत असेल, याची जाणीव मला ग्रंथालयातल्या भाष्यांपेक्षा त्या खेळातल्या सभेने अधिक करून दिली. कळ आपल्या हाती नसताना कलम लिहायचे, ते टिकेल असे लिहायचे आणि ते सर्वांना माहीत होईल अशी व्यवस्था करायची, हे कौशल्य दोन्हीकडे एकच.

आता प्रश्न उरतो सामान्य नागरिकाचा. त्याच्यासाठी आपल्या व्यवस्थेत एक लहानसे दार आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१४ च्या प्रारंभी केंद्र सरकारने विधिपूर्व सल्लामसलतीचे धोरण स्वीकारले. केंद्रीय विधेयकाचा मसुदा, तो कशासाठी आहे याच्या टिपणासह, किमान ३० दिवस जनतेसमोर ठेवावा, आलेल्या सूचनांचा सारांश करावा, असे त्यात आहे. सल्लामसलत करणे शक्य वा इष्ट नाही असे विभागाला वाटले, तर त्याने तशी कारणे मंत्रिमंडळासाठीच्या टिपणात नोंदवावीत, अशीही त्यात तरतूद आहे. म्हणजे कारण नोंदवण्याचे बंधन इथेही आहे. फरक इतकाच, की मंत्रिमंडळाचे टिपण गोपनीय असते. माझ्या काल्पनिक प्रदेशात प्रतिनिधीने लिहिलेल्या त्या दोन ओळी कोणालाही वाचता येत होत्या, म्हणूनच त्यांना उत्तर मिळाले. कारण लिहिले गेले पण ज्याच्यासाठी लिहिले त्याला दिसले नाही, तर ते निम्मेच लिहिले गेले असे मी म्हणेन. हे धोरण आहे, कायदा नाही. ते बंधनकारक व्हावे आणि सल्लामसलत टाळल्याची कारणे प्रसिद्ध व्हावीत, असे माझे वैयक्तिक मत आहे.

घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माणसांना आपण राहतो तिथल्या कारभाराविषयी पाहुण्यासारखे मौन पाळण्याची सवय लागते. कोणी कोलकात्याला, कोणी गुवाहाटीला, कोणी भोपाळला. मत तिथले, कर तिथला, पण 'आपला' कायदा म्हणजे गावाकडचा. केंद्रीय मसुद्यांना मात्र गाव नसते. पुढच्या वेळी एखाद्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मसुदा दिसला तर तीस दिवसांची मुदत पाहावी आणि वाचताना तीन प्रश्न विचारावेत: यातली कळ कोणाच्या हाती जाणार, ती दाबल्यावर त्याने कारण कुठे लिहायचे, आणि खर्च कोणाचा? तिन्हींची उत्तरे मसुद्यात सापडली तर तो कायदा चालेल असे मानायला जागा आहे. एखाद्याचे उत्तर सापडले नाही, तर तेवढीच एक ओळ लिहून पाठवावी. एका विद्यार्थ्याच्या एका प्रश्नाने माझ्या कलमाला त्याचे अखेरचे रूप दिले. अशी ओळ हातात आली की मसुदा लिहिणारा अधिकारी ती गंभीरपणे वाचतो, हे मी त्या खुर्चीवर बसून सांगू शकतो.